आजोबांच्या नावावरची कुटुंबाची कबर: नाव कसं बदलायचं?

हडपसरकर: ख्रिस्ती दफनभूमीत आमच्या कुटुंबाची जागा आहे. पावती आजोबांच्या नावावर. आजोबा, आजी आणि वडील, तिघंही आता नाहीत. वारस म्हणजे मी, काका आणि कॅनडातली आत्या. जबाबदारी माझ्या नावावर घ्यायची आहे. कोर्टाचं वारस प्रमाणपत्र लागेल का? आजोबांच्या वर अजून एक दफन होईल का?

वानवडी१२: जमीन सहसा दफनभूमी चालवणाऱ्या ट्रस्टची असते. आपल्याकडे असतो तो फक्त दफनाचा आणि कबर बांधण्याचा हक्क, त्यामुळे सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर तुमचं नाव येणार नाही आणि ही जागा विकताही येत नाही. वाद नसेल तर कोर्टात जायची गरज सहसा पडत नाही. दफन रजिस्टरचा उतारा (रांग आणि कबर क्रमांकासह), मूळ पावती, मृत्यू दाखले, वंशावळीचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि बाकी वारसांचं ना-हरकत पत्र एवढं जोडून दफनभूमीच्या कमिटीकडे अर्ज द्या. पोच घ्या, आणि रजिस्टरमध्ये नोंद झाल्यावर तिचा उतारा मागून घ्याच. तोंडी होकार कमिटी बदलली की संपतो.

तुमच्या यादीत आई आणि भावंडं नाहीत. आई हयात असतील आणि वडील आजोबांच्या नंतर गेले असतील, तर वडिलांच्या वाट्यात त्या वारस आहेत. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार मुलं असताना विधवेचा वाटा एक तृतीयांश असतो. कबरीचे वाटे पडत नाहीत हे खरं, पण सही त्यांचीही घ्या. एक सही राहिली की पुढे नेमकं दफनाच्या दिवशी भांडण उभं राहतं, आणि त्या दिवशी ते सोडवायला कुणाकडे वेळ नसतो.

खडकीची_लेक: आत्यांचं ना-हरकत पत्र तिकडे नोटरी करून त्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथला सरकारी दाखला) घ्या. मुखत्यारपत्र पाठवणार असतील तर ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करावं (मुद्रांक शुल्क भरावं) लागतं. हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. आजोबांचा मृत्यू महापालिकेत नोंदवलेलाच नसेल तर आता दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. तेव्हा चर्चच्या दफन रजिस्टरचा उतारा पुरावा म्हणून कामी येतो.

पाथरवट_कॅम्प: वरचं दफन पहिल्या खोलीवर ठरतं. पहिली पेटी आठ-नऊ फूट खाली असेल तरच वर दुसरीला जागा उरते. आपल्याकडे काही ठिकाणी चार-पाच फुटांवरच कठीण मुरूम किंवा काळा पाषाण लागतो, मग खड्डा उथळच राहतो. रजिस्टरमध्ये खोली लिहिलेली नसेल तर कबर खोदणाऱ्यांना विचारा. आधी कबरीवरचा बांधलेला कट्टा फोडू नका.

हडपसरकर: आई आहे, तिचं नाव घालते. संगमरवरी फरशी नवीन बसवायची असेल तर?

पाथरवट_कॅम्प: नवीन दफनानंतर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. माती बसायच्या आत बांधलं की फरशी मधोमध तडकते. काळ्या मातीत तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून काळी माती काढून मुरूम भरून ठोकून घ्या, मगच कडेचं बांधकाम करा. कामाची लेखी परवानगीही नव्या नावावरच घ्या.