शब्दचर्चा : उड्डाणपूल, ओव्हरब्रिज, उन्नत मार्ग, स्कायवॉक, सबवे – नोंदी एकत्र कराव्यात का?

प्रश्न

आम्ही काहीजण एका मुक्त ज्ञानकोशासाठी शहरातल्या रस्त्यांवरच्या बांधकामांच्या नोंदी नीट करतोय. उड्डाणपूल, फ्लायओव्हर, ओव्हरब्रिज, उन्नत मार्ग, पादचारी पूल, स्कायवॉक, सबवे, भुयारी मार्ग अशा सुट्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या काही जेमतेम तीन ओळींच्या. एका सहकाऱ्याचं म्हणणं, सगळ्या ‘पूल’ या एकाच नोंदीत घालून टाका. मला ते पटत नाही, पण रेघ कुठे ओढायची तेही ठरत नाहीये. तुमच्याकडे हे शब्द कसे वापरतात आणि वस्तू म्हणून त्यांत फरक काय, दोन्ही सांगा.

गिरगावकर

ताई, सगळं ‘पूल’मध्ये ओतू नका. आधी सोपं ते उरकून घेऊ. फ्लायओव्हर आणि उड्डाणपूल ही एकाच वस्तूची दोन नावं आहेत. नोंद ‘उड्डाणपूल’ नावाने ठेवा, ‘फ्लायओव्हर’वरून तिकडे पुनर्निर्देशन द्या. मुंबईत बोलताना यातलं एकही नाव फारसं येत नाही. ‘ब्रिजवरून घेऊ की खालून?’ एवढंच रिक्षावाला विचारतो आणि ऐकणाऱ्याला कुठला ब्रिज ते बरोबर कळतं.

खरा पेच उड्डाणपूल आणि उन्नत मार्गाचा आहे. माझी कसोटी अशी : वरचा रस्ता खालच्या वाहतुकीला ओलांडतो, की तिच्याच डोक्यावरून तिच्याच दिशेने धावतो? केम्प्स कॉर्नरचा पूल बघा. १९६५ साली झाला, मुंबईतल्या पहिल्या उड्डाणपुलांत त्याची गणना होते. त्याचं काम एकच, चौकात एकमेकींना छेदणाऱ्या वाहतुकीतली एक धार उचलून दुसरीवरून न्यायची. म्हणून तो आखूड आहे, आणि आखूड असूनही पुरतो.

आता जे. जे. रुग्णालयापासून निघून मोहम्मद अली रोडवरून जाणारा पूल घ्या, २००२चा. दोन किलोमीटरहून लांब. खाली मोहम्मद अली रोड, वर त्या रस्त्याचाच दुसरा मजला. मधल्या बाजारपेठेत ज्यांना थांबायचं नाही त्यांना खालच्या गर्दीतून सोडवायचं, हा त्याचा हेतू. पूर्व मुक्त मार्गाचा खांबांवरचा भागही याच जातीचा. या बांधकामांचे प्रश्नच निराळे असतात : चढ-उतार किती ठेवायचे, दुचाकींना परवानगी द्यायची का, दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांना आवाजाचा किती त्रास होणार, खालच्या दुकानदाराला ऊन मिळणार का. चौकातल्या पुलाच्या नोंदीत हे सगळं कोंबलं तर वाचकाच्या हाती काहीच नीट लागणार नाही. दोन नोंदी ठेवाच.

प्रश्नकर्ती

पण जे. जे.ला सगळे उड्डाणपूलच म्हणतात, अधिकृत नावातही उड्डाणपूलच आहे. मग उन्नत मार्गात तो कसा घालू?

गिरगावकर

त्याच्या स्वतंत्र नोंदीचं नाव उड्डाणपूल असंच राहू द्या. लोक ज्या नावाने ओळखतात ते बदलायचा आपल्याला अधिकार नाही. जातीचं वर्णन मात्र ‘उन्नत मार्ग’ या सर्वसाधारण नोंदीत येऊ दे आणि तिथे उदाहरण म्हणून जे. जे.चा दुवा द्या. ‘उन्नत’ हा शब्द निविदांतला आणि बातम्यांतला आहे, बोलण्यात तो मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. तरी त्याला पर्यायही दिसत नाही. फक्त मेट्रोच्या खांबांवरच्या मार्गालाही उन्नत मार्गच म्हणतात, तेव्हा नोंदीच्या पहिल्याच वाक्यात रस्त्याबद्दल बोलतोय हे स्पष्ट करा.

नागपूरकर

आमच्याकडे वर्धा रोडवर या तिढ्याचा पुढचा टप्पा उभा आहे. जमिनीवर रस्ता, त्यावर महामार्गाचा पूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि सगळं एकाच खांबांच्या रांगेवर. लांबी ३.१४ किलोमीटर, गिनीजमध्ये नोंद झालेली. लोक सरळ ‘डबल डेकर’ म्हणतात. वरच्या कसोटीने तो उन्नत मार्ग, पण मेट्रोच्या नोंदीतूनही त्याला वगळता येत नाही. त्याची नोंद कशातही विलीन करू नका, दोन्हीकडून दुवे द्या.

रेल्वेतून निवृत्त

‘ओव्हरब्रिज’ उड्डाणपुलात मिसळू नका, एवढं कळकळीने सांगतो. आम्ही आरओबी, म्हणजे रोड ओव्हर ब्रिज, म्हणायचो, गावाकडे ‘फाटकावरचा पूल’ म्हणतात. रुळांवरून रस्ता नेणारा पूल म्हणजे दोन धन्यांचं बांधकाम. रुळांवरच्या भागाला रेल्वेचे निकष आणि रेल्वेची मंजुरी लागते, दोन्हीकडचे पोहोचरस्ते महापालिकेचे नाहीतर बांधकाम खात्याचे. गाड्या थांबवून ब्लॉक मिळाल्याशिवाय तिथे गर्डर चढत नाही. चौकातल्या उड्डाणपुलाला यातलं काही लागू नाही.

अंधेरीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गोखले पूल रुळांवरचा. जुलै २०१८ मध्ये त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो वाहतुकीला बंद झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची पहिली बाजू उघडली. रुळांवरची उंची नव्या निकषांप्रमाणे वाढवल्यामुळे शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जुळेना, जवळपास दोन मीटरची तफावत पडली. पुढे बर्फीवाला जॅक लावून उचलला, मग दोन्ही सांधले. आज गाडीतून जाणाऱ्याला तो एकच सलग पूल वाटतो. पण ‘दोन्ही जोडलेत, मग नोंदही एक करा’ असं केलंत तर ती तफावत का पडली हेच सांगता येणार नाही. एक रुळांवरचा होता, एक नव्हता, म्हणून पडली.

दुसरं, मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्थानक, आताचं प्रभादेवी. २९ सप्टेंबर २०१७ची चेंगराचेंगरी झाली ती स्थानकाच्या पादचारी पुलावर. २३ माणसं गेली. एल्फिन्स्टनचा वाहनांचा पूल वेगळा होता. नाव एक म्हणून या दोन नोंदी कुणी एकत्र केल्या, तर ती माणसं कुठल्या जिन्यावर गेली हेच चुकीचं नोंदलं जाईल. तिथे निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे एकाच नावाच्या नोंदी वेगळ्या करून दाखवणारं पान, हवंच.

डोंबिवलीकर

स्कायवॉकला मात्र मी पादचारी पुलात घालेन. दोन्हीवर माणसंच चालतात ना?

गिरगावकर

चालणारी माणसंच, पण तीच कसोटी इथेही लावा. पादचारी पूल रस्ता किंवा रूळ ओलांडतो. वांद्रे स्थानकाच्या पूर्वेकडून कलानगरकडे जाणारा २००८चा स्कायवॉक, मुंबईतला पहिला, रस्त्याच्या बाजूने लांबवर जात होता. स्थानकातून सुटलेला लोंढा फेरीवाले आणि रिक्षांच्या वरून काढायचा, हा त्याचा उद्देश. पादचारी पुलाबद्दल विचारतात ‘जिना किती चढायचा’, स्कायवॉकबद्दल विचारतात ‘रात्री त्यावर दिवे असतात का, मध्ये उतरता येतं का’. तरीही तुमचं म्हणणं मी पूर्ण टाकणार नाही. आज स्कायवॉकबद्दल चार ओळींपेक्षा जास्त मजकूर नसेल तर तो ‘पादचारी पूल’मध्ये स्वतंत्र विभाग म्हणून ठेवा, मजकूर वाढला की बाहेर काढा. विलीनीकरण कायमचं असायची गरज नाही.

मालवणकर

पादचारी पुलात ‘साकव’ घालू नका, एवढी विनंती. ओढ्यावरचा, पूर्वी पोफळीच्या खोडांचा, पावसाळ्यात शेवाळून निसरडा होणारा. आता सिमेंटचे बांधतात, तरी नाव साकवच. शहराशी त्याचा संबंध नाही.

गिरगावकर

अगदी मान्य. ‘पहा : साकव’ एवढं पुरे.

राहता राहिला सबवे. मुंबईत हा शब्द दोन वस्तूंना वापरतात. सीएसएमटीसमोर माणसं उतरतात तोही सबवे, आणि पावसात पाणी भरून बंद होणारे अंधेरीचा आणि मिलनचा, तेही सबवेच. पाट्यांवर ‘भुयारी मार्ग’ असतं, पण भुयारी मेट्रो आल्यापासून त्यानेही घोळ होतो. किनारी रस्त्यावरच्या जुळ्या बोगद्यांना मात्र कुणी सबवे म्हणत नाही, बोगदाच म्हणतात. माझा सल्ला : ‘भुयारी मार्ग’ ही एक नोंद, तिच्यात वाहनांचा आणि पादचाऱ्यांचा असे दोन विभाग, ‘सबवे’वरून पुनर्निर्देशन, आणि बोगदा वेगळा. मिलनला सबवे आणि त्याच्याजवळ रुळांवरून जाणारा पूल, दोन्ही आहेत. त्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवून एकमेकींना जोडा. खाली पाणी साचायचं म्हणून वरून वाट काढावी लागली, हे दोन्हीकडे यायला हवं.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. मग असं करते : फ्लायओव्हर उड्डाणपुलात, सबवे भुयारी मार्गात, स्कायवॉक तूर्तास पादचारी पुलात विभाग म्हणून. ओव्हरब्रिज ‘रेल्वेवरील पूल’ या नावाने स्वतंत्र, उन्नत मार्ग स्वतंत्र. ‘पूल’ या नोंदीत फक्त प्रकारांची ओळख आणि दुवे. जुन्या नोंदींचा इतिहास जाऊ नये म्हणून मजकूर हलवताना चर्चापानावर तशी टीप ठेवेन.

एक अजून अडलंय. पुण्याचा चांदणी चौक. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नव्या पुलांचं उद्घाटन झालं. आता तिथे पूल, सेवारस्ते आणि रॅम्प यांचं जाळंच आहे, बातम्यांत ‘बहुस्तरीय उड्डाणपूल’ म्हणतात. जुन्या आणि नव्याची नोंद एक ठेवू की दोन? तिथून रोज जाणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

कोथरूडकर

एकच ठेवा, नाव ‘चांदणी चौक’. आम्ही अजूनही पुलाचं नाव घेत नाही, चौकाचंच घेतो. जुन्या पुलाला त्यात एक परिच्छेद द्या, आणि तो का अपुरा पडला ते मात्र सविस्तर लिहा.