फिलिपिनो सिनेमातल्या बायका आधीपासूनच अशा होत्या का?

पडदावेडी:
परवा रात्री 'इन्सिआंग' (१९७६) बघितला आणि तो अजून डोक्यातून जात नाहीये. सुरुवातच कत्तलखान्यातल्या डुकरांपासून, मग मनिलातली टोंडोची झोपडपट्टी आणि आईच्याच याराने पोरीवर केलेली जबरदस्ती. पण ती पोरगी रडत बसत नाही हो, थंड डोक्याने सूड उगवते. तिकडे बायकांच्या भूमिका पहिल्यापासून अशाच होत्या की मधे काही बदललं? जाणकारांनी सांगा प्लीज.

जुनी रीळ:
नाही, आधी बहुतेक गोऱ्या, मेस्तिसा (म्हणजे युरोपीय-फिलिपिनो मिश्र वंशाच्या) चेहऱ्याच्या सोशिक नायिका. पण बायका पहिल्या दिवसापासून होत्या बरं का. १९१९ चा 'दालागांग बुकिद' मूकपट, त्यातली आतांग दे ला रामा थिएटरात जाऊन पडद्याशेजारी प्रत्यक्ष गायची! पुढे एलव्हीएन स्टुडिओचा कारभारही दोन्या सिसांग नावाच्या बाईच्याच हातात होता. खरा धक्का दिला नोरा ऑनॉरने. सावळी, बुटकी, लहानपणी इरिगा स्टेशनवर पाणी विकणारी पोर गाण्याच्या स्पर्धेतून वर आली आणि सुपरस्टार झाली, तेव्हा गरीब घरातल्या बायकांना पहिल्यांदा आपल्यासारखं कुणीतरी पडद्यावर दिसलं. मला तरी ही गोष्ट कुठल्याही अवॉर्डपेक्षा मोठी वाटते.

दुपारचा शो:
+१, आणि नोराचा 'हिमाला' (१९८२) बघच. शेवटी टेकडीवर हजारोंच्या गर्दीसमोर उभी राहून एल्सा, म्हणजे लोक जिला चमत्कार करणारी मानतात ती नोराची भूमिका, सांगते की चमत्कार वगैरे काही नसतो, देव-शाप सगळं माणसानेच बनवलंय, आणि तेवढ्यात गोळी लागते. मी ते भाषण तीनदा मागे घेऊन ऐकलं, अंगावर काटा येतो.
त्याच वर्षीचा 'मोरल' सोडू नकोस, मारीलू दियाझ-आबाया या बाईने दिग्दर्शित केलेला. चार मैत्रिणी, त्यातली एक सतत बाळंतपणं करून वैतागलेली, आणि सिनेमा कुणालाच चांगली किंवा वाईट ठरवत नाही. हे सगळं हुकूमशहा मार्कोसच्या राजवटीत, सेन्सॉर डोक्यावर असताना!

खिडकीजवळची सीट:
नंतरचंही बघ, कारण तिथे खरी जखम आहे. देशातल्या लाखो बायका घरकामाला परदेशी गेल्या, त्यामुळे सिनेमातली आईही विमानात बसली. २००० चा 'आनाक', दिग्दर्शक रोरी क्विंतोस, म्हणजे बाईच. व्हिल्मा सांतोस हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांची मुलं सांभाळून घरी परतते आणि स्वतःची मोठी मुलगी तिच्याशी धड बोलत नाही, कारण बाप वारला तेव्हाही आई आली नव्हती. मुलीला वाटतं आईला पैसाच प्यारा, आणि आईने तिकडे काय भोगलं ते घरात कुणाला माहीतच नाही. २०१९ चा 'हॅलो, लव्ह, गुडबाय' पण हाँगकाँगच्याच कामवाल्या मुलीचा आणि तोही बाईनेच, कॅथी गार्सिया-मोलिनाने केलाय, पण ही नायिका प्रेम सोडून कॅनडाला जायचं ठरवते आणि सिनेमा तिला त्याबद्दल शिक्षा देत नाही. आधी 'आनाक' बघ, मग हा.

पडदावेडी:
थँक्यू सगळ्यांना! आज रात्री 'हिमाला', रविवारी आईला सोबत घेऊन 'आनाक'.