ग्रीन नदीवर कनू, काठावर तंबू : तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रीन नदीवर लॅबिरिंथ कॅन्यन ही दरी कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या लहान होडीने, करायचा बेत आहे. ग्रीन रिव्हर गाव ते मिनरल बॉटम, ६८ मैल. दोन कुटुंबं, मुलं दहा-बारा वर्षांची. कधी जावं, पाण्याचं काय करावं? ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. लाजू नका, शौचाचंही लिहा!

डेन्व्हरची मावशी
मग तिथूनच सुरू करते. खड्डा खणून पुरणं चालत नाही. झाकणबंद डबा न्यायचा आणि भरलेला परत आणायचा, नियमच आहे. लघवी मात्र थेट नदीत. आमच्या सासूबाईंना हे काही केल्या पटेना. पण तिथे पाऊस फारच कमी, काठावरच्या वाळूत वर्षानुवर्षं वास साठून राहतो. शेकोटीही लोखंडी परातीतच, राख सोबत परत. डब्याची कनू कोणी वल्हवायची यावरून आमच्याकडे रोज पत्ते पिसले जायचे.

तुरटीवाला
माणशी रोज चार लिटर पाणी धरा. सगळं घरून नेलंत तर कनू पाण्यानेच भरेल. नदीचं पाणी दुधाळ चहासारखं, थेट फिल्टर लावला की तुंबलाच. आम्ही इंडियन स्टोअरमधून तुरटीचा खडा नेला होता. संध्याकाळी बादली भरायची, खडा चार-पाच वेढे फिरवायचा, झाकून ठेवायची. सकाळी तळाला बोटभर तांबूस चिखल, वर नितळ पाणी. ते न ढवळता अलगद काढायचं आणि मगच फिल्टर. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे विसरू नका.

धागाकर्ती
तुरटी! आणि मी इथे महागडे फिल्टर बघत बसलेय. महिना कुठला धरू?

वल्हे_वाकडे
सप्टेंबर. मेअखेर ते जूनमध्ये वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून नदी फुगते, वाळूचे दांडे बुडतात. काठावर झाऊची दाट झाडी, तंबूला जागा नाही, वर डास. सप्टेंबरात दांडे उघडे असतात, पण पाणी संथ, त्यामुळे नदी आपोआप नेईल असा हिशेब धरू नका. दुपारी समोरून वारा सुटतो, तेव्हा रिकामी कनू तर उलटीच फिरते. उजाडताच निघा, जेवणापर्यंत मोठा पल्ला उरका. आणि घळीच्या तोंडाशी तंबू नको. पाऊस दूर कुठे पडतो आणि लोंढा तुमच्याकडे येतो.

डेन्व्हरची मावशी
बोनॉट बेंड नावाच्या वळणाला मुलांना खिंडीपर्यंत चढवा. नदी सात मैलांचा वळसा घालून पुन्हा तिथेच येते, वरून दोन्ही बाजूंची नदी दिसते. १८६९ मध्ये ही नदी धुंडाळणाऱ्या पॉवेलच्या मोहिमेने हे नाव ठेवलं. तिथल्या खडकांवर जुन्या लोकांनी नावं कोरलीत, आपल्या कार्ट्यांच्या हातात दगड देऊ नका.

शटलकाका
परवाना आधी काढा, फुकट असतो. उतरायचं मिनरल बॉटमलाच. त्यापुढे राष्ट्रीय उद्यान लागतं, त्याचा परवाना वेगळा. शेवटी कोलोराडो नदीचा संगम, त्याखाली कॅटरॅक्ट कॅन्यनचे रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळणारं जोरदार पाणी. संगमापासून परत यायला जेट बोट आधीच ठरवावी लागते. मिनरल बॉटमचा घाटरस्ता कच्चा आहे, पावसात गाडी उतरूच शकत नाही. एक दिवसाचा जास्तीचा शिधा ठेवा आणि परतीचं विमान दुसऱ्याच दिवशीचं काढू नका.