फी शून्य, पण उंबऱ्यातच बारा लाख

माणदेशी_मामा

भाचीला जर्मनीत माग्डेबुर्गला मेकॅनिकलच्या मास्टर्सला ॲडमिशन मिळाली. सरकारी विद्यापीठ, ट्यूशन फी नाही, सेमेस्टरला थोडीफार वर्गणी तेवढी. पेढे वाटून झाले आणि मग आम्ही व्हिसाची यादी नीट वाचली.

त्या यादीत 'ब्लॉक्ड अकाउंट' नावाचं प्रकरण आहे. निघायच्या आधी ११,९०४ युरो एका खात्यात भरायचे, ते गोठवले जातात आणि मूल तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो सुटतात. युरो शंभराच्या घरात धरला तर झाले बारा लाख. सर्टिफिकेटं खरी आहेत हे ठरवणाऱ्या एपीएसचे १८,००० आधीच गेलेत, व्हिसाची फी ७५ युरो वेगळी.

दाजींची नऊ एकर डाळिंब. शैक्षणिक कर्जासाठी बँकेत गेलो. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पुढे लागतं. साहेबांनी सातबारा हातात घेतला, पालथा करून मागे काही आहे का तेही बघितलं आणि परत दिला. "शेतजमीन चालत नाही. एखादा एनए प्लॉट आहे का?"

माझं म्हणणं एवढंच, की फी माफ करून गरिबाला बोलवायचं आणि दारात बारा लाख मागायचे याला काय अर्थ आहे? ही अट श्रीमंताला लागतच नाही. त्याची एफडी असते, मोडली की झालं. ज्याच्याकडे जमीन आहे पण रोकड नाही, तोच अडकतो. पटत नसेल त्यांनी जरूर बोलावं.

डोर्टमुंडकर

मामा, भाचीचं अभिनंदन. पण असहमत.

ते पैसे जर्मनी घेत नाही, तुमचे तुम्हालाच परत देते. आकडाही हवेतून आलेला नाही. इथल्या गरजू जर्मन विद्यार्थ्याला सरकार 'बाफग' नावाची मदत देतं, तिची कमाल रक्कम महिना ९९२ युरो. त्याला १२ ने गुणा. आधी ती ९३४ होती तेव्हा ब्लॉक्ड अकाउंट ११,२०८ होतं. म्हणजे इथल्या पोराला जगायला जेवढे लागतात असं सरकार धरतं, तेवढेच तुमच्या पोरीकडे असावेत, एवढंच मागणं आहे.

आणि खर्च खरा आहे. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा महिना १४०-१५० युरो, तो चुकवता येत नाही. मी आलो तेव्हा शेअर फ्लॅटमधल्या खोलीचं भाडं ३८० होतं, आता त्याच खोलीचे ४६० घेतात. उरलेल्यात जेवण, फोन, थंडीचे बूट. ९९२ म्हणजे चैन नव्हे.

माझ्यासोबत आलेल्या एका मुलाने नातेवाइकांकडून हातउसने घेऊन खातं भरलं होतं. दर महिन्याला सुटलेले पैसे तो गावी परत पाठवायचा आणि स्वतः रात्री गोदामात खोकी उचलायचा. दोन सेमेस्टरमध्ये एकच पेपर पास झाला. ही अट त्याच्यासारख्यांसाठीच आहे, फक्त त्याने ती चुकवली.

कोरा_चहा

उलट तुमचंच उदाहरण मामांच्या बाजूने जातं की! पैसा नसलेला माणूस अटीमुळे थांबला नाही, कर्जात बुडून आला. मग अटीने साधलं काय?

डोर्टमुंडकर

थांबला असता तर बरं झालं असतं, असं तो स्वतः म्हणतो. तुम्ही त्याला विचारा.

हिशेबी

भावनेत न शिरता आकडे मांडतो.

शैक्षणिक कर्ज घेतलं तर राहण्याखाण्याचे पैसे खरं तर महिन्याला लागतील तसे उचलायला हवेत. ब्लॉक्ड अकाउंटमुळे बारा लाख एकदम उचलावे लागतात. व्याज पहिल्या दिवसापासून सगळ्या रकमेवर, आणि ते पैसे तिकडे बिनव्याजी पडून. ११ टक्के धरले तर वर्षाला १ लाख ३२ हजार. मात्र हा सगळा बोजा या अटीचा नाही. महिन्याला लाखभर उचलले असते तरी निम्म्याच्या आसपास व्याज पडलंच असतं. म्हणजे अटीची खरी किंमत साठ-पासष्ट हजार. सोसण्यासारखी आहे, पण 'तुमचेच पैसे तुम्हाला परत' एवढं म्हणून ती झाकू नका.

वडाची_पारंबी

मी इंग्लंडला होते, म्हणून तिकडचं सांगते. तिथे पैसे गोठवत नाहीत. नऊ महिन्यांपर्यंतच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली की झालं. त्यामुळे आपल्याकडे २८ दिवसांपुरते पैसे 'ठेवून देणारे' लोक आहेत. कमिशन घेतात, एकोणतिसाव्या दिवशी पैसे काढून नेतात. माझ्या रूममेटने तसंच केलं होतं. व्हिसा मिळाला, पण तिसऱ्या महिन्यापासून ती दोन घरं सोडून असलेल्या गुरुद्वाऱ्यात जेवायला जायची.

जर्मनीची पद्धत कडक आहे, पण तिच्यात निदान नाटक नाही. पैसे खरोखर मुलाच्या हातात पडतात. मी आई म्हणून हेच निवडेन.

फुफाटा

"निदान नाटक नाही"?? ताई, वरची डोर्टमुंडकरांची हकिकत वाचली का? हातउसने आणून भरायचे आणि सुटतील तसे परत करायचे, हे तेच नाटक, फक्त बारा अंकी.

मूळ मुद्द्यावर येतो. मी ब्राउनश्वाइगला शिकलो. आकड्याला माझा आक्षेप नाही, पैसे मिळतात त्या वेळेला आहे. पोचल्यावर लगेच काय लागतं? खोलीचं डिपॉझिट. कायद्याने घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं मागू शकतो. मला ९०० युरो एकरकमी हवे होते. माझ्या नावावर दहा हजार पडलेले आणि मला त्यातले नऊशे काढता येईनात, कारण महिन्याची मर्यादा तेव्हा नऊशेच्या आतच होती. तो हप्ता सुटायलासुद्धा तिथलं बँक खातं लागतं, आणि माझ्या बँकेला आधी पत्त्याची सरकारी नोंदणी हवी होती. पत्त्यासाठी घर, घरासाठी डिपॉझिट. सव्वीस दिवस एका सीनियरच्या सोफ्यावर काढले. आईने दिलेला मेतकूट-भात रोज. अजून मेतकुटाचा वास आला की मला ते नगरपालिकेचं टोकन मशीन आठवतं.

म्हणून सांगतो, अट काढू नका, पण पहिले दोन हजार डिपॉझिटसाठी मोकळे सोडा.

डोर्टमुंडकर

या एका मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. माझ्या खात्यात थोडी जास्तीची रक्कम भरायची सोय होती, ती पहिल्या हप्त्याबरोबर सुटली. मामा, हे आधी विचारून घ्या.

कोरा_चहा

म्हणजे बारा लाखांवर अजून थोडे. वा!

रानवारा

ब्लॉक्ड अकाउंटला पर्याय आहेत हे कोणी सांगितलंच नाही. मान्य स्कॉलरशिप असेल तर चालते. किंवा जर्मनीत राहणारा कोणी हमीपत्र देऊ शकतो, नाव भलतंच लांब आहे त्याचं. मामा, तिकडे कोणी ओळखीचं?

जुना_प्रवासी

रानवारा, हे इतक्या सहज सुचवू नका. मी २० वर्षं जर्मनीत आहे. चुलतभावाच्या मुलासाठी त्या हमीपत्रावर मी सही केली. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगारपत्रकं घेऊन बसलो, तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "तुम्हाला समजलंय ना?" तो मुलगा खर्च भागवू शकला नाही आणि सरकारी मदतीवर गेला, तर ते पैसे माझ्याकडून वसूल होतात. जबाबदारी पाच वर्षांची.

मुलगा गुणी निघाला. पण ती पाच वर्षं त्याच्याशी मी नीट बोललो नाही. फोन आला की आधी छातीत धस्स व्हायचं. त्यानंतर दोघांना नकार दिला, आणि त्यातल्या एका घराशी आमचं येणंजाणं संपलं. खात्यात गोठवलेला पैसा त्यापेक्षा बरा. त्यात नाती गुंतत नाहीत.

फुफाटा

काका, हे माझ्या वडिलांना वाचून दाखवतो. त्यांना वाटतं सही म्हणजे सही.

नवी_पालवी

मी यंदा अर्ज करतेय. वर सगळे पैशावर बोलताहेत, माझी भीती वेगळी आहे. पूर्वी व्हिसा नाकारला तर वकिलातीकडे मोफत फेरविचार मागता यायचा. १ जुलै २०२५ पासून तो बंद झाला. आता एक तर सगळं पुन्हा भरून नवा अर्ज, नाही तर बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणजे बारा लाख भरून, कर्जाचं व्याज चालू करून वाट बघायची, आणि 'नाही' आलं तर साधं 'का हो?' विचारायचीही सोय नाही.

हिशेबी

नकार आला तर गोठवलेली रक्कम परत मिळते. युरोचा दर मधल्या काळात हलला तर फरक आपला. कर्जाचं व्याज आपलंच.

डोर्टमुंडकर

नवी_पालवी, बरोबर, पण कागद पूर्ण असतील तर इतकं घाबरू नका. आणि सगळ्यांनाच सांगतो, पार्टटाइम कामावर पहिलं वर्ष काढायचं गणित मांडू नका. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण जर्मन येत नसेल तर काम मिळेपर्यंत सेमेस्टर संपतं. व्हिसाचा अधिकारी तुमच्या भावी पगारावर विश्वास ठेवत नाही. मीही ठेवला नसता.

कोरा_चहा

'फुकट शिक्षण' सगळीकडे उरलंय कुठे? बाडेन-वुर्टेंबर्गमध्ये २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमेस्टरला १,५०० युरो फी आहे, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही सुरू केलीच. फी येतेय, खातं आहेच. मग गरिबाला बोलवतोय म्हणून पाठ कशाला थोपटून घ्यायची?

माणदेशी_मामा

सगळ्यांचं वाचलं. डोर्टमुंडकर, बाफगचं गणित मला माहीत नव्हतं, त्यामुळे 'आकडा हवेतला' हे मनातलं म्हणणं मागे घेतो. दारात बारा लाख मागतात हे मागे घेत नाही. तुम्ही सगळे खर्च खरा आहे म्हणताय, तो आहेच. मी विचारतोय नऊ एकरवाला माणूस तुमच्या कागदावर गरीबही नाही आणि श्रीमंतही नाही, त्याचं काय? त्याला उत्तर एकट्या जुना_प्रवासींनी दिलं, आणि तेही 'सही मागू नका' एवढंच.

ताजी बातमी: दाजींचं पंढरपूरला जुनं घर आहे, ते बँकेला चालतंय. पण घर म्हातारीच्या नावावर. ती म्हणते, "पोरगी शिकायला चाललीय तर घर कशाला लिहून द्यायचं?" उद्या सकाळच्या एसटीने तिला बँकेत घेऊन जातोय. फुफाटा, डिपॉझिटचं भाचीला कळवलं. मेतकूटही बांधून देतो.