डेस्कटॉप आपोआप रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीन नाही, एरर नाही (इंदूर)

हिशोबवही (सुदामा नगर)

नमस्कार मंडळी. काम करता करता स्क्रीन एकदम काळी होते आणि चार-पाच सेकंदांत मशीन स्वतःच परत सुरू होतं. आवाज नाही, जळका वास नाही. आधी आठवड्यातून दोनदा व्हायचं, मे लागल्यापासून रोज. टॅलीत नुसती एंट्री करतानाही होतं, आणि व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर जवळजवळ हमखास. संध्याकाळी सात ते दहा जास्त. एकदा पुढच्या पोर्टला पेनड्राइव्ह लावताक्षणीही झालं.

मशीन: आय-५ १०४००एफ प्रोसेसर, एच-४१० बोर्ड, ८+८ जीबी डीडीआर-४, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड (वेगळी पॉवर केबल लागत नाही ते), एक एनव्हीएमई एसएसडी, एक १ टीबी हार्डडिस्क. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आलेला, वर मोठ्या अक्षरांत '४५० वॉट'. घराला स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरींची वीज देणारा) इन्व्हर्टर आहे, कॉम्प्युटरचं सॉकेट त्यावरच.

आतापर्यंत: परवा विंडोज ११ नव्याने टाकलं, रॅम खोडरबरने पुसली, सीमॉसचा सेल बदलला. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला. पैसे घालायच्या आधी विचारावं म्हटलं.

भिंगरी

तापत असेल भिया. ४२ डिग्रीत वरच्या मजल्यावर दुसरं काय होणार. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, पण कॅबिनेटच्या आतली सफाई कुणी धरत नाही. फॅन उघडा, धूळ काढा, नवी पेस्ट लावा.

डम्पवाचक

धूळ काढाच, पण हा रोग तापण्याचा वाटत नाही. १०४००एफ १०० अंशांच्या जवळ गेला की आधी स्वतःचा वेग पाडतो, मशीन रखडतं. त्यावरही तापलं तर ते बंद होतं, आणि सहसा बंदच राहतं. इथे पाच सेकंदांत परत सुरू होतंय. सीमॉसच्या सेलचाही संबंध नाही: तो गेला तर घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज विसरतील, चालू मशीन पडणार नाही.

पहिला प्रश्न एकच: विंडोज कोसळलं, की विंडोजच्या पायाखालची वीजच गेली? दोन्हींचे उपाय वेगळे, आणि हे ओळखायला एक रुपया लागत नाही.

आधी 'ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज' उघडून 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. विंडोज कोसळत असेल तर आता निळी स्क्रीन थांबून राहील. मग 'इव्हेंट व्ह्यूअर', 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टम' असं जाऊन उजवीकडच्या फिल्टरमध्ये ४१, १००१, १०७४, ६००८ हे आकडे स्वल्पविराम देऊन टाका.

१०७४ म्हणजे कुणीतरी रीतसर रीस्टार्ट केलं, बहुतेक वेळा अपडेट. ४१ म्हणजे केर्नल-पॉवर. ही नोंद कारण सांगत नाही, मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं एवढंच सांगते. तिच्या 'डिटेल्स'मध्ये 'बगचेककोड' बघा. शून्य असेल तर विंडोजला मरतानाही काही कळलं नाही, म्हणजे संशय वीज, एसएमपीएस, बोर्ड किंवा रीसेटच्या बटणावर. शून्य नसेल तर तो आकडा दशमान पद्धतीत असतो: २९२ म्हणजे हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक, २६ म्हणजे मेमरी, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर, १५९ म्हणजे एखादं डिव्हाइस झोपेतून उठलं नाही. तेव्हा १००१ ची नोंदही सापडेल आणि विंडोज फोल्डरच्या आत 'मिनिडम्प'मध्ये फाइल असेल. ४१ च्या 'डिटेल्स'मध्येच 'पॉवरबटनटाइमस्टॅम्प' असतो. तो शून्य नसेल तर पॉवरचं बटण दाबलं गेलंय किंवा अडकलंय.

अजून एक. ४१ ची वेळ ही मशीन परत सुरू झाल्याची असते, पडल्याची नाही. पडल्याची वेळ ६००८ च्या मजकुरात मिळेल. 'त्याच वेळी लाइट गेली होती का' हे ताडायचं असेल तर तीच वेळ धरा.

विंडोज नव्याने टाकलंत त्यामुळे जुन्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. कॉम्प्युटर बिघडला की आधी फॉरमॅट मारणारे लोक पुरावाच धुऊन टाकतात.

पिवळी_तार

ताई, ते '४५० वॉट' विसरा. एसएमपीएसच्या बाजूच्या स्टिकरवर तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते सांगा. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या डब्यांवर १४ ते १६ असतं. १६ धरलं तरी १२ × १६ = १९२ वॉट, तेही स्टिकर खरं बोलत असेल तर.

आता खर्च. १०४००एफवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण लोड आल्यावर इंटेल त्याला साधारण २८ सेकंदांपर्यंत १३४ वॉट खाऊ देतं. १६५० चे ७५. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे मिळून तीस-चाळीस. बेरीज २४० च्या पुढे, आणि त्यातलं बहुतेक १२ व्होल्टवरच. टॅलीतही होतं ते याचमुळे: काम हलकं असलं तरी रिपोर्ट उघडताना प्रोसेसर क्षणभर उसळी घेतो, आणि डब्याला तो क्षणच झेपत नाही.

खात्री फुकटात होते. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याने काय होतं म्हणू नका, त्याने टर्बोच (प्रोसेसरचा वाढीव वेग) बंद होतो आणि प्रोसेसर २.९ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. तीन दिवस असंच वापरा. रीस्टार्ट थांबले किंवा एकदम कमी झाले तर मदरबोर्डवाल्याला रामराम.

मीटर मिळाला तर मोकळ्या मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार तारांच्या कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजा, एकदा शांत असताना आणि एकदा एक्स्पोर्ट चालू असताना. नियम ५ टक्क्यांचा आहे: ११.४० ते १२.६०. लाल-काळ्यात ४.७५ ते ५.२५. लोड नसताना मोजण्यात अर्थ नाही. हिरवी तार काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणं म्हणजे डबा जिवंत आहे एवढंच कळतं. आणि मीटरवर ठीक दिसलं तरी निर्दोष समजू नका, काही मिलिसेकंदांची घसरण साधा मीटर दाखवतच नाही.

डबा मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ राहतात.

कोपऱ्यातला

तोवर एक पाच मिनिटांचं काम. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटच्या बटणांच्या बारीक तारा येतात. त्यातली 'रीसेट'ची दोन पिनांची काढूनच ठेवा. स्वस्त कॅबिनेटचं रीसेटचं बटण धुळीने चिकटतं आणि जरा धक्का लागला की टेकतं. लक्षणं हुबेहूब हीच. पुढचा यूएसबी पोर्टही टॉर्चने बघा, आतली पट्टी वाकून पत्र्याला टेकली असेल तर त्याची केबल बोर्डवरून काढा.

हिशोबवही

सगळं करून तीन दिवसांनी लिहितेय. स्टिकरवर +१२ ला १६ अँपिअरच आहे! पिवळ्या तारेवर शांत असताना ११.९२, एक्स्पोर्टमध्ये ११.३१. रीसेटची तार काढली, पोर्टची पट्टी सरळ आहे.

नोंदींमध्ये ४१ आणि ६००८ दोन्ही, बगचेककोड शून्य, टाइमस्टॅम्प शून्य, १००१ एकही नाही. ९९ टक्के केल्यापासून दिवसा एकदाही झालं नाही, एक्स्पोर्टही पार पडला. पण दोनदा झालं, दोन्ही वेळा संध्याकाळीच, आणि ६००८ ची वेळ बघितली तर तेव्हाच लाइट लपकली होती आणि इन्व्हर्टरचा 'टक्' ऐकू आला होता. सॉकेटवर वायरमनकडून रात्री आठला मोजून घेतलं: फेज-न्यूट्रल १९८, फेज-अर्थ १४२, न्यूट्रल-अर्थ ५६. कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात, हे आधी सांगायचं राहिलं.

पिवळी_तार

११.३१ म्हणजे नापास. मदरबोर्ड बदलला असता तरी हेच चालू राहिलं असतं.

जमिनीची_तार

ताई, तुमच्याकडे एक रोग नाही, तीन आहेत, म्हणून पत्ता लागत नव्हता. एसएमपीएसचा लागला. उरले दोन.

इन्व्हर्टर. लाइट जाते तेव्हा त्याच्या रिलेला बाजू बदलायला वेळ लागतो. मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. यूपीएसवर हा वेळ साधारण १० ते १५ मिलिसेकंद, नॉर्मलवर ४० पर्यंत जाऊ शकतो. पंख्याला फरक कळत नाही. पण चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण लोडवर सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एवढ्यात एक आवर्तनही पुरं होत नाही.

आणि संध्याकाळीच का? तग धरायची ताकद आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली असते. तुमच्यासारख्या साध्या एसएमपीएसमध्ये ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात असते. २३० ऐवजी १९८ मिळाले की साठा जवळजवळ पाव भागाने घटतो. त्यात सगळ्या गल्लीचे एसी चालू, कुणाची मोटर सुरू झाली की आणखी डुबकी. खटका यूपीएसवर असेल तर १८० च्या आसपास इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. नॉर्मलवर असेल तर ती डुबकी जशीच्या तशी कॉम्प्युटरला मिळते. दोन्हीकडून तोटाच.

म्हणून नुसता खटका फिरवून भागणार नाही. कॉम्प्युटरचं सॉकेट इन्व्हर्टरवरून काढून सरळ लाइनवर घ्या आणि त्यावर स्वतंत्र लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावा, तो १९८ ला वर ओढतो आणि बॅटरी राखून ठेवतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. तुमचे अडीचशे आणि मॉनिटरचे पंचवीस धरले तर बसतं, पण बॅटरी फार मिनिटं देणार नाही. १ केव्हीए बरा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस जोडायचा विचार मात्र करू नका: स्क्वेअर वेव्हला बरेच यूपीएस वीज मानतच नाहीत, लाइट नसताना तो आपली बॅटरी संपवतो आणि मग बंद पडतो. २३० च्या १० टक्के खाली म्हणजे २०७. रोज त्याखाली मिळत असेल तर वीज कंपनीच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

आता अर्थिंग. १४२ आणि ५६ ची बेरीज बरोबर १९८ येते. अर्थिंग खरोखर लागलेली असती तर फेज-अर्थ १९८ च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट आले असते. तुमची अर्थची तार अधांतरी आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटला जोडलेले असतात, त्यामुळे पत्र्यावर वीज तरंगते, त्याच त्या झिणझिण्या. पेनड्राइव्ह लावताना झालेला रीस्टार्ट याच खात्यात टाकायला हरकत नाही.

आधी सॉकेटच्या मागची हिरवी तार सुटली आहे का ते बघायला सांगा, निम्म्या वेळा तेवढंच निघतं. एक्स्टेंशन बोर्डची तिसरी पिन नुसती शोभेची नाही ना, तेही. मग अर्थिंगचा खड्डा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि आत पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते, रोध वाढतो. पावसाळ्यात ठीक चालणारं अर्थिंग मे महिन्यात मरतं ते असं. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओता, दुसऱ्या दिवशी परत मोजा. आकडे सुधारले तर खड्डा नीट भरून घ्यायचा आहे, नाही सुधारले तर तार मधे कुठेतरी तुटली आहे. फेज-अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून बघायचं काम वायरमनवरच सोडा.

हिशोबवही

कळलं काका. एसएमपीएस कोणता घेऊ? आणि जुना दुसऱ्या मशीनला चालेल का?

पिवळी_तार

ब्रँड सांगत नाही, स्टिकर सांगतो. ४५० किंवा ५५० वॉट, '८० प्लस ब्राँझ' (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला), +१२ वर किमान ३६ अँपिअर. ३६ × १२ = ४३२, म्हणजे ४५० चा दावा खरा. तीन ते साडेचार हजारांत बसेल. सिल्व्हर मॉलमधून घ्या की जेल रोडवरून, खोका उघडून तक्ता वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. या डब्यांत ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत खेचणारं सर्किट) असतं, आणि स्क्वेअर वेव्हवर ते गुणगुणतं किंवा बंद पडतं. म्हणून वर सांगितलंय तसं सॉकेट आधी इन्व्हर्टरवरून काढा, डबा नंतर बसवा. उलटा क्रम केलात तर नवा एसएमपीएस खराब निघाला असं वाटून तो परत करत बसाल.

बसवताना जुन्याच्या तारा वापरू नका. २४ पिनांचं कनेक्टर खट् आवाज येईपर्यंत दाबा, प्रोसेसरजवळचं ४ किंवा ८ पिनांचं विसरू नका. भिंतीची वायरही नवीच लावा, जुनी सैल बसत असते. मग ९९ चं परत १०० करा, अर्धा तास एक्स्पोर्ट लावून पिवळ्या तारेवर मोजा. ११.७ च्या वर राहिलं तर मी समाधानी, नियम ११.४ चा असला तरी.

जुना डबा ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, साध्या टायपिंगच्या मशीनला चालेल. फार काळ नाही.

डम्पवाचक

आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढलेलीच राहू द्या. नव्या डब्यावरही कधी मशीन पडलं तर या वेळी स्क्रीनवर काय लिहून येतं ते आम्हाला हवंय.