‘थँक्यू’चे मेल डिलीट करून पृथ्वी वाचते म्हणे!

त्रस्त_उंदीर: परवा इथेच पोस्ट होती, ‘जुने मेल डिलीट करा, थँक्यू पाठवू नका, कार्बन वाचवा’. वर लाईकचा पाऊस. अहो, पडून असलेल्या मेलला वीज लागते कितीशी? आणि तासभर स्क्रीन चालू ठेवून हजार मेल उपसलेत त्याचं काय? खरी चरबी वेबपेजवर आहे. चार ओळी वाचायला गेलं की दोन-अडीच एमबी उतरतात, त्यात फोटो नि ट्रॅकरच्या, म्हणजे आपल्यावर पाळत ठेवणाऱ्या, स्क्रिप्टच जास्त.

थेंबे_थेंबे: ती पोस्ट माझीच होती. २०२४ मध्ये डेटा सेंटरनी, म्हणजे हे मेल-बिल साठवणाऱ्या सर्व्हरच्या कोठारांनी, जगातली साधारण दीड टक्का वीज खाल्ली, ४१५ टेरावॅट-तास, तेव्हा थोडं काहीतरी करणाऱ्याला हसू नका. मी कायम डार्क मोड वापरते, तेही चुकीचंच का?

आळशी_कोडर: आला डार्क मोड! एलसीडी स्क्रीनला मागचा दिवा जळतच असतो, पान काळं करा की गोरं. ओएलईडी स्क्रीनवर काळा ठिपका विझलेलाच असतो, तिथे वीज वाचते, पण पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं तर ३०-५० टक्के ब्राइटनेसला फक्त ३ ते ९ टक्के.

थेंबे_थेंबे: आणि पूर्ण ब्राइटनेसला ३९ ते ४७ टक्के. ते बरं गाळलंत.

आळशी_कोडर: पूर्ण ब्राइटनेस लागतो उन्हात, आणि उन्हात डार्क मोड दिसतो कुणाला?

थेंबे_थेंबे: मला दिसतो. डोळे तपासून घ्या.

त्रस्त_उंदीर: अहो, धागा कशावर आहे??

आळशी_कोडर: तुमच्या एमबीवरच येतो. पान हलकं केलंत तरी घरातला राउटर जवळपास तेवढीच वीज खातो, तो रिकामा असला तरी चालूच की.

जुनी_बॅटरी: राउटरचं मान्य. पण फोनचं काय? त्याचा बहुतेक कार्बन तो बनतानाच होऊन गेलेला असतो, आणि माणसं धडधाकट फोन टाकतात ते ‘सगळं हळू उघडतं’ म्हणून. मी साईटी बनवतो. एका क्लायंटला होमपेजवर आपोआप चालणारा व्हिडिओ हवा होता, १८ एमबीचा. म्हटलं वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये एक फोटो टाकू, खालचे लेझी लोड करू, म्हणजे खाली सरकल्यावरच उतरतील, तर म्हणे साईट रिकामी वाटते. टाकला व्हिडिओ. आठवड्याने त्याचाच फोन, साईट उघडत नाहीये. मी कारण सांगायच्या आत म्हणतो, ‘जाऊ दे, फोनच जुना झालाय, नवा घेतो.’

त्रस्त_उंदीर: हेच! हेच म्हणत होतो मी!

आळशी_कोडर: तुम्ही ट्रॅकर म्हणत होतात. पण फोनचा मुद्दा बरोबर आहे, घ्या.

थेंबे_थेंबे: बरं बाई, नाही करत मेल डिलीट. इतक्या विद्वानांनी समजावलं, थँक्यू.

थेंबे_थेंबे: (डार्क मोडमधून)