मदत हवी आहे: तिन्ही गाणी जिंकली, तिन्ही हरली, आता वाजवायचं कुठलं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. रॉक-मेटल ऐकणाऱ्या २३ जणांचा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यातले पाचजण जमेल तसं वाजवतोही. खंडेनवमीला उद्यमबागेत एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये पूजा झाली की मशिनं दिवसभर बंद असतात. लेथला झेंडूचा हार, लेथच्या चकला (काम पकडणाऱ्या जबड्याला) हळदीकुंकू, दारात फोडलेला कोहळा आणि कोपऱ्यात आमचा अ‍ॅम्प. दर वर्षी एकच मोठं गाणं नीट बसवून वाजवायचं हा रिवाज. ते कुठलं यावरून दर वर्षी भांडण. म्हणून यंदा मला कुठून बुद्धी सुचली कोण जाणे, मी नॉकआउट लावला.

१६ गाणी, दोघांची जोडी, ग्रुपवर मतदान, हरलं ते बाहेर, एकूण १५ सामने. जोड्या कुंद्याच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकून काढल्या. पहिल्याच दिवशी घोळ. ‘हायवे स्टार’च्या समोर ‘स्मोक ऑन द वॉटर’! दोन्ही डीप पर्पलची, दोन्ही १९७२ च्या ‘मशिन हेड’मधली. एकाच घरातल्या दोघांना आखाड्यात सोडल्यासारखं. तिकडे मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ला स्लेयरचं ‘रेनिंग ब्लड’ आलं, दोन्ही १९८६ ची. स्लेयरवाले दोघं तेव्हापासून ग्रुपवर नुसते अंगठे दाखवतात, बोलत नाहीत.

ते सोडा. खरी गोची शेवटी झाली.

सेमीफायनलला आयर्न मेडनच्या ‘हॅलोड बी दाय नेम’नं ब्लॅक सॅबथच्या ‘वॉर पिग्ज’ला १६-७ नं काढलं. फायनलला ‘मास्टर’नं ‘हॅलोड’ला १५-८ नं काढलं. संपलं म्हणून मी हात झटकले. तर सॅबथवाले म्हणाले, आमची ‘मास्टर’शी गाठच पडली नाही, एकदा लावून बघ. सॅबथचा गायक ऑझी जुलै २०२५ मध्ये गेला, तेव्हापासून त्यांच्यापुढे कुणी फार बोलत नाही. लावला सामना. ‘वॉर पिग्ज’ १५, ‘मास्टर’ ८!

म्हणजे मास्टर हॅलोडला भारी, हॅलोड वॉर पिग्जला भारी, आणि वॉर पिग्ज मास्टरला भारी. ड्रमवाल्याचा फोन आला, “काय करूलास रे तू? दसरा बारा दिवसांवर आलाय, मी नेमकं काय बडवू?”

ग्रुपवर आता दोन तट आहेत. २००७ ला मेडन आणि २०११ ला मेटॅलिका बघायला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडला गेलेले जुने लोक म्हणतात, पोरांनी ‘मास्टर’ २०२२ मध्ये स्ट्रेंजर थिंग्ज या मालिकेत ऐकलं, त्यांच्या मताला अर्धीच किंमत द्या. पोरं म्हणतात, काका, तुम्ही कॅसेट घासून ऐकली म्हणून गाणं चांगलं होत नाही. मला दोघांचंही पटतं, आणि मी अ‍ॅडमिन आहे.

विचारायचंय एवढंच: मोजण्यात माझं काही चुकलं का? आणि आता काय करू? पुन्हा मतदान घ्या असं कृपा करून सांगू नका.

निपाणीकर:
दादा, चिठ्ठ्यांचा ड्रॉ हीच पहिली चूक. आधी सगळ्यांकडून आवडती चार-चार गाणी मागवायची, त्यावरून क्रम लावायचा आणि पहिल्याची गाठ सोळाव्याशी, दुसऱ्याची पंधराव्याशी. एका बँडची दोन गाणी असली तर ड्रॉच्या दोन टोकांना ठेवायची. आणि पोल उघडा घेतलात ना? कोणी कुणाला मत दिलं ते दिसतं, मग लोक मित्राचं तोंड बघून देतात. पण तुमच्या शेवटच्या भानगडीला माझ्याकडे औषध नाही.

खानापूरची मास्तरीण:
भाऊ, तुमचं मोजणं चुकलेलं नाही. हे असं होऊ शकतं हे काँदोर्से नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ मध्येच मांडून ठेवलंय. माणूस एकटा असला तर त्याची आवड सरळ ओळीत असते, गर्दीची आवड गोल फिरू शकते.

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे बघा. जिंकणाऱ्यांची मतं १५, १६ आणि १५, बेरीज ४६, म्हणजे बरोबर २३ ची दुप्पट. मध्ये कुणी मत फिरवलं नसेल तर याचा एकच अर्थ निघतो: ८ जणांचा क्रम मास्टर-हॅलोड-वॉर पिग्ज, ८ जणांचा हॅलोड-वॉर पिग्ज-मास्टर आणि ७ जणांचा वॉर पिग्ज-मास्टर-हॅलोड. ताळा करा, तिन्ही निकाल जुळतात.

अशा वेळी नॉकआउटमध्ये कोण जिंकणार हे गाणी ठरवत नाहीत, ड्रॉ ठरवतो. तिघांतलं ज्याला थेट फायनल मिळेल ते जिंकतं. तुमच्या डब्यातून दुसरी चिठ्ठी आली असती तर हार दुसऱ्याच्या गळ्यात.

पुन्हा मतदान नको म्हणता, तर याच मतांना गुण द्या: पहिल्या पसंतीला २, दुसरीला १, तिसरीला ०. हॅलोड २४, मास्टर २३, वॉर पिग्ज २२. फरक एकेकाचाच आहे, तेव्हा फार छाती काढू नका. मोजायची पद्धत बदलली की निकालही बदलू शकतो. पुढच्या वर्षी पद्धत आधी ठरवा आणि चिठ्ठ्या नंतर काढा.

तिसरं गेट:
वाजवणाऱ्यांना विचारलं का कुणी? ‘मास्टर’ला गिटारच्या तारांवर उजव्या हाताचं मनगट फक्त वरून खाली मारत आठ-साडेआठ मिनिटं टिकवायचं असतं. बारा दिवसांत नाही व्हायचं. ‘वॉर पिग्ज’ त्या मानानं सोपं वाटतं, पण सुरुवातीला नुसत्या हाय-हॅटवर (ड्रमच्या पायानं मिटणाऱ्या झांजांवर) गायचं असतं, तिथं ड्रमवाला आणि गायक एकमेकांकडे बघत नसतील तर सगळं उघडं पडतं.

मूळ धागाकर्ता:
बाई, तुमचं गणित वाचून ग्रुपवर टाकलं. दहा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. आमच्या ग्रुपवर हे पहिल्यांदाच घडलं. मग खातरी करायला एकेकाला खासगीत क्रम विचारला. ८, ८, ७! तुम्ही न विचारता सांगितलंत ते आम्ही विचारून शोधलं.

‘हॅलोड’ ठरलं. माझं स्वतःचं मत ‘वॉर पिग्ज’ला होतं हे आता सांगायला हरकत नाही. त्याच्या सुरुवातीला सायरन आहे, आणि वर्कशॉपचा भोंगा वाजवायचं माझ्या मनात होतं. पण मित्राचे वडील म्हणाले, सुट्टीच्या दिवशी भोंगा वाजला तर शेजारच्या कारखान्यातले लोक पळत येतील की. ‘हॅलोड’च्या सुरुवातीला घंटा लागते. काका म्हणाले, पूजेची आहे ती घ्या, पण आरती झाल्यावर.